बायपास की स्टेंट: वडिलांच्या उपचाराविषयी

चालताना वडिलांच्या नितंबांत व मांड्यांत वेदना होते, थांबल्यावर ती ओसरते, आणि धमनीतील अडथळ्यासाठी पोट उघडून बायपास (अडथळ्याला वळसा घालणारा रक्ताचा नवा मार्ग) करण्याऐवजी डॉक्टरांनी स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) सुचवला आहे; तो टिकेल का, ही आपली शंका रास्त आहे.

महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, साधारण बेंबीच्या पातळीवर पायांकडे रक्त नेणाऱ्या दोन इलियाक धमन्यांत विभागते. तिथे अडथळा असताना या वेदनेसोबत जांघेतील नाडी क्षीण होते आणि पुरुषांत लैंगिक दुर्बलताही येते. संकोचाने हे लक्षण अनेकदा सांगितलेच जात नाही, म्हणून आपण ते आवर्जून विचारावे.

१९६४ मध्ये क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी अमेरिकेतील पोर्टलंड येथे एका वृद्धेच्या मांडीतील धमनी कॅथेटरने (बारीक लवचीक नळीने) रुंद केली, तेव्हापासून हे तंत्र विकसित होत गेले. आज जांघेतून बारीक तार अडथळ्यापार नेऊन फुग्याने मार्ग रुंदावतात व स्टेंट बसवतात. अडथळा महाधमनी विभागते त्या जागेपाशीच असल्यास बहुधा दोन्ही बाजूंना एकाच वेळी स्टेंट फुगवतात, कारण एकच बाजू फुगवल्याने दुसरीचे तोंड दबू शकते.

इलियाक धमन्या रुंद असल्याने तेथील स्टेंट गुडघ्याखालील स्टेंटपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकतात. दीर्घकाळ टिकण्यात बायपास आजही सरस मानला जातो, मात्र हृदय वा फुप्फुसे कमकुवत असणाऱ्यांना ती मोठी शस्त्रक्रिया अधिक धोक्याची ठरते.

वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आधी तपासून घ्यावे, कारण धमन्या चित्रात दिसाव्यात म्हणून टोचल्या जाणाऱ्या आयोडीनयुक्त द्रव्याचा मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. आणि तंबाखू, बिडी किंवा मिश्री असल्यास ती आजच थांबवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.