मनाचे श्लोक वाद्यांशिवाय चार आवाजात बसवतोय, शब्द हरवतायत

कृष्णाकाठ (सातारा):
आम्ही नऊ जण दर रविवारी जमतो, पेटी नाही तबला नाही, नुसते आवाज, आणि मनाचे श्लोक चार आवाजात बसवायचं चाललंय. सूर लागतात हो, पण चारी आवाज वेगवेगळ्या वेळी शब्द घेतात आणि ‘भक्तिपंथेचि’चा नुसता गलका होतो. अर्थच पोचला नाही तर समर्थांचं गायचं कशाला? कुणी केलंय का असं?

खर्जवाला सांगलीकर:
आधी वृत्त धरा ताई. भुजंगप्रयात आहे, लघु गुरु गुरु असं चारदा, म्हणजे पाच-पाच मात्रांचे चार तुकडे: मनासज्, जनाभक्, तिपंथे, चिजावे. हे चार मात्रांच्या ठेक्यात कोंबलं की ऱ्हस्व अक्षरं लांबतात आणि मराठी परकी वाटायला लागते. लांबवायचं ते ‘स’ वर, ‘ज्’ अगदी शेवटी सगळ्यांनी एकदम. आमचा निम्मा गोंधळ इथंच मिटला.

पहाटरियाज:
एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पार्ट, त्याचं ऐकाच. त्याच्या पद्धतीत एक आवाज शेजारशेजारच्या सुरांवरून चालतो, दुसरा फक्त तीनच सुरांत फिरतो, आणि शब्द दोघं बरोबर म्हणतात, म्हणून स्तोत्रातलं अक्षर न् अक्षर कळतं. आपल्याकडे खालच्या आवाजांनी ओठ मिटून सा-प धरला तर तानपुराच झाला की!

कृष्णाकाठ:
दादा, आज सज्जनगडाच्या पायऱ्या उतरताना पाच मात्रांत म्हणून बघितलं, ‘जावे’पाशी श्वास आपोआप संपतोय. रविवारी सगळ्यांकडून असंच म्हणून घेते.