मिथेनसाठी ऐच्छिक शपथा पुरे झाल्या, आता बंधनकारक करार हवा

निळी ज्योत (धागाकर्ती)

हवामानबदल म्हटलं की चर्चा कार्बन डायऑक्साइडवर जाते आणि तिथेच अडकते. तो मुख्य आहेच, त्यावर वाद नाही. पण काजळी, मिथेन, जमिनीलगतचा ओझोन आणि एसी-फ्रिजमधले एचएफसी ही जी अल्पायुषी मंडळी आहेत त्यांच्याकडे अजूनही जोडकाम म्हणून बघितलं जातं याचा मला खरंच त्रास होतो. काजळी हवेत फारतर एकदोन आठवडे टिकते, ओझोन काही आठवडे, मिथेन साधारण १२ वर्षं, नेहमीच्या वापरातले एचएफसी सरासरी पंधराएक वर्षं. म्हणजे सोडणं थांबवलं तर फरक आपल्या हयातीत दिसतो, आणि त्यातले काजळी आणि ओझोन तर थेट फुप्फुसात जाणारे.

२०११ मध्ये यूएनईपी (संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम) आणि जागतिक हवामान संघटनेने मिळून एक अभ्यास केला होता. त्यात १६ उपाय निवडले होते आणि एकालाही नवीन शोध लागणार नव्हता. कोळसा खाणीतला मिथेन पकडा, पाइपलाइनच्या गळत्या बंद करा, कचरा डेपोतला गॅस गोळा करा, डिझेल गाड्यांना फिल्टर लावा, कमी धुराच्या चुली द्या, वगैरे. अंदाज असा होता की हे जगभर केलं तर २०५० पर्यंतची तापमानवाढ जवळपास अर्ध्या अंशाने कमी होईल, वर्षाला सुमारे २४ लाख अकाली मृत्यू टळतील आणि पाचेक कोटी टन पीक वाचेल. पुढच्याच वर्षी बांगलादेश, कॅनडा, घाना, मेक्सिको, स्वीडन आणि अमेरिका या सहा देशांनी यूएनईपीसोबत क्लायमेट अँड क्लीन एअर कोअॅलिशन काढली. हळूहळू बरेच देश आले, काम चांगलं आहे, पण तीही स्वेच्छेची संघटना.

मग २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत ग्लोबल मिथेन प्लेज, म्हणजे मिथेन कापायची शपथ, आली. २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के कपात, दीडशेहून जास्त देश सामील. पण कोणी किती कापायचं ते कुठेच ठरलेलं नाही, ३० टक्के हे सगळ्यांचं मिळून, आणि नाही कापलं तर कोणी विचारणार नाही. चीन, भारत, रशिया तर बाहेरच. हवेतलं मिथेनचं प्रमाण औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या अडीचपटीच्या वर गेलंय आणि अजून चढतंय.

माझं मत सरळ आहे. वरचा ओझोन थर वाचवायला सीएफसी वायू बंद करणाऱ्या मॉन्ट्रियल कराराच्या धर्तीवर मिथेनचा बंधनकारक करार व्हावा आणि सुरुवात तेल, वायू, कोळशापासून व्हावी. बोला.

हिशेबनीस

असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

कार्बन डायऑक्साइड साचत जातो, मिथेन तसा साचत नाही, इथेच सगळा फरक आहे. आज सोडलेल्या सीओटूतला मोठा भाग शेकडो वर्षं आणि काही भाग हजारो वर्षं हवेत राहणार. मिथेन आज कापा की वीस वर्षांनी कापा, शतकाच्या शेवटी तापमान जवळपास तेच येतं, पण सीओटू वीस वर्षं उशिरा कापला तर त्या वीस वर्षांचं ओझं कायमचं डोक्यावर. हवामानशास्त्रज्ञ रेमंड पियरहंबर्टनी २०१४ मध्ये हेच मांडलं होतं, की अल्पायुषी प्रदूषक आधी कापून आपल्याला जास्तीचा वेळ मिळतो हा समजच चुकीचा आहे. राजकीय ताकद मर्यादित असते हो. एक मोठा करार करायला दहा-पंधरा वर्षं जातात, ती कुठे घालवायची हे ठरवायला नको का?

दुसरं म्हणजे अदलाबदल. मिथेनला १०० वर्षांच्या हिशेबाने सीओटूच्या २८ पट धरतात, २० वर्षांच्या हिशेबाने ८० पटीच्या वर. एकदा का हे दोन्ही एकाच वहीत आले की कंपनी म्हणणार आम्ही एवढी गळती थांबवली, आता तेवढा सीओटू सोडायची मुभा द्या.

हे मी हवेत बोलत नाहीये, एचएफसी-२३ चं उदाहरण आहे. (तो स्वतः दोनशे वर्षांहून जास्त टिकतो, पण व्यवहार कसा चालतो ते कळावं म्हणून सांगतो.) एचसीएफसी-२२ हा कुलिंगचा गॅस बनवताना हा वायू आपोआप तयार होतो. क्योटो हवामान कराराच्या सीडीएम योजनेत गरीब देशात तो जाळून टाकला की क्रेडिट, म्हणजे श्रीमंत देशांना विकता येणारं कपातीचं प्रमाणपत्र, मिळायचं, एक टन म्हणजे सीओटूचे ११,७०० टन. जाळायला खर्च किरकोळ आणि क्रेडिटचा भाव त्याच्या कितीतरी पट. मग काही कारखाने क्रेडिटसाठीच जास्त वायू तयार करतायत असं लक्षात आलं. शेवटी २०१३ पासून युरोपने ही क्रेडिट्स घेणं बंद केलं. बंधनकारक करार करायला निघालात तर असले व्यवहार आधी डोळ्यांसमोर ठेवा.

जुनी खिडकी

हिशेबनीसांना +१. आणि मॉन्ट्रियलची उपमा मला पटत नाही. सीएफसी बनवणारे कारखाने मोजके होते, ते कुठे आहेत माहीत होतं, उत्पादनावर मर्यादा घातली की झालं. मिथेन कोणी मुद्दाम बनवत नाही, तो निसटतो. कशावर मर्यादा घालणार?

निळी ज्योत

@हिशेबनीस, शतकाच्या शेवटचं तापमान हा एकच निकष धरला तर तुमचं गणित बरोबर आहे. पण आज गेलेला माणूस शतकाच्या शेवटी परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने बाहेरची आणि घरातली प्रदूषित हवा मिळून दरवर्षी सत्तर लाखांच्या आसपास अकाली मृत्यू होतात. २०२१ मध्ये त्यांनी पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि जगातली ९९ टक्के माणसं त्यांच्या मर्यादेबाहेरची हवा घेतायत. मिथेनचा यात काय संबंध असं बऱ्याच जणांना वाटतं, तर मिथेनपासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, आणि तो दमा वाढवतो, गहू-सोयाबीनचं पीक मारतो. २०२१ च्या जागतिक मिथेन आढाव्यात आकडा आहे, दर दहा लाख टन मिथेन कमी केला की वर्षाला सुमारे १,४३० अकाली मृत्यू टळतात आणि साधारण १,४५,००० टन पीक वाचतं. हे फायदे वीस वर्षांनी कापून मागच्या तारखेने मिळत नाहीत.

आणि मी सीओटू थांबवा म्हटलंय कुठे? गळकी पाइपलाइन दुरुस्त करणारा वेगळा आणि सौरऊर्जा प्रकल्प उभारणारा वेगळा. एकाने काम केलं म्हणून दुसऱ्याचं अडतं कसं?

@जुनी खिडकी, निसटतो हे खरं, पण कुठून निसटतो हे आता वरून दिसतं. २०१७ पासून सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी उपकरण रोज जगभरचा मिथेन मोजतंय, त्यात तुर्कमेनिस्तानमधले प्रचंड लोट सापडले, तो देश २०२३ मध्ये प्लेजमध्ये आलासुद्धा. तेलविहिरीवरचा फ्लेअर घ्या. नको असलेला गॅस चिमणीच्या टोकाला जाळतात, आणि कागदोपत्री धरतात की ९८ टक्के जळतो. अमेरिकेतल्या तेलपट्ट्यांवर विमानं उडवून मोजलं तर २०२२ मध्ये निष्कर्ष आला, प्रत्यक्षात ९१ टक्केच. कारण काही चिमण्यांची ज्योत विझलेलीच असते आणि कच्चा गॅस तसाच वर जात राहतो. नुसत्या डोळ्याला स्वच्छ आकाश दिसतं, इन्फ्रारेड कॅमेऱ्यात धूर ओकल्यासारखा लोट दिसतो. ती ज्योत परत पेटवायला कुठलं शास्त्रीय संशोधन लागतं सांगा.

कुलिंगवाला

मॉन्ट्रियलचं नाव निघालं म्हणून लिहितो, माझं कामच एसीचं आहे. एचएफसी कमी करायला त्याच करारात किगाली दुरुस्ती झाली. करार चांगला आहे, २०१६ ला झाला, २०१९ ला लागू झाला, श्रीमंत देशांनी आधी कमी करायचं, बाकीच्यांनी नंतर, शेवटचा गट २०४७ पर्यंत, गरीब देशांच्या पैशासाठी मल्टिलॅटरल फंड आहे. पूर्ण पाळला तर शतकाअखेर अर्धा अंशापर्यंत तापमानवाढ टळते म्हणतात. पण करारात मर्यादा आहे ती उत्पादन आणि वापरावर, हवेत किती सोडला यावर नाही.

प्रत्यक्षात काय होतं बघा. युनिट दुरुस्तीला आलं की आतला गॅस रिकव्हरी मशीन लावून सिलिंडरमध्ये ओढायचा असतो. मशीन आणायचं, नळ्या जोडायच्या, सिलिंडर वजन करायचा, वेळ जातो आणि त्या वेळाचे पैसे कोणी देत नाही. म्हणून लोक सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन दाबून धरतात आणि दोन-चार मिनिटांत गॅस गेला हवेत. आर-४१०ए या एसीतल्या गॅसचा एक किलो म्हणजे सीओटूचे दोन टन. नवा आर-३२ गॅस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, आर-२९० म्हणजे प्रोपेन तर जवळपास शून्य पण तो पेट घेतो त्यामुळे शिकलेला माणूसच पाहिजे. सह्या वर होतात आणि व्हॉल्व्ह खाली उघडला जातो, मधल्या माणसाच्या ट्रेनिंगला आणि मजुरीला पैसा नसेल तर करार निम्माच राबतो. मिथेनचा करार केलात तर हे पहिल्या दिवसापासून त्यात घाला.

रानवारा

कुलिंगवाला, फार महत्त्वाचं लिहिलंत.

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. माणसामुळे होणाऱ्या मिथेनमध्ये शेतीचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास, गुरं आणि भातखाचरं. तेल-वायू-कोळसा ३५ च्या आसपास आणि कचरा-सांडपाणी २० टक्के. बंधनकारक म्हटलं की आज नाही तर उद्या गाडी गोठ्यापर्यंत येणारच. दोन गुरांवर घर चालवणारा आणि विहिरीवर गॅस जाळणारी कंपनी एकाच तराजूत कसे बसतील? एकाच्या पोटाचा प्रश्न आहे आणि दुसरा तो गॅस विकता येत असूनही सोडून देतोय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सांगते की तेल-वायूतली बरीच गळती विनाखर्च थांबू शकते कारण वाचलेला गॅस विकला जातो. मग आधी ते करा आणि शेतकऱ्याकडे नंतर या. न्यूझीलंडसारख्या श्रीमंत देशानेसुद्धा गुरांच्या मिथेनचं लक्ष्य बाकी वायूंपासून वेगळं ठेवलंय, आणि तेसुद्धा २०२५ मध्ये सौम्य केलं.

ढगांची सावली

इथे कोणीच सल्फेटबद्दल, म्हणजे गंधकाच्या धुरातून हवेत होणाऱ्या कणांबद्दल, बोललं नाही म्हणून लिहितो. हवा स्वच्छ करणं आणि तापमान कमी करणं नेहमी एकाच दिशेला जात नाही. कोळसा आणि जहाजाच्या इंधनातून निघणारं गंधक छातीला वाईट, पण त्याचे कण सूर्यप्रकाश परतवतात, असे सगळे एरोसोल (हवेतले बारीक कण) मिळून अर्ध्या अंशाच्या आसपास तापमानवाढ झाकून ठेवतात. २०२० पासून जहाजांच्या इंधनातलं गंधक ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणलं, चीननेही गेल्या दशकात गंधक प्रचंड कमी केलं. किनाऱ्यावरच्या लोकांसाठी उत्तमच झालं, पण झाकलेली उष्णता उघडी पडायला लागली. किती, यावर शास्त्रज्ञ भांडतायत. आता कोणी म्हणेल मग गंधक राहू द्या, तर तसं अजिबात नाही, लोकांनी विषारी हवा घेऊन पृथ्वी थंड ठेवायची हे मला मान्यच नाही. म्हणूनच मिथेन सोबतच कापायला हवा. इतक्या लवकर उतरणारं आणि ती वाढ भरून काढणारं दुसरं काही हाताशी नाहीये. हिशेबनीसांच्या गणितात ही गोष्ट येत नाही.

हिशेबनीस

@ढगांची सावली, हा मुद्दा वजनदार आहे, मिथेनपुरता मला मान्य. पण काजळीबाबत आकडे खाली आलेत हेही बघा. २०१३ च्या मोठ्या अभ्यासात काजळीला सीओटूच्या खालोखाल बसवलं होतं, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या सहाव्या अहवालात तिचा तापवणारा परिणाम बराच कमी धरलाय. शिवाय काजळी एकटी निघत नाही, त्याच धुरात थंडावा देणारे कणही असतात. तेव्हा चुलीचा धूर तापमानासाठी थांबवा म्हणू नका. दोन अब्जांहून जास्त लोक अजून अशा इंधनावर स्वयंपाक करतात, धुराने त्या बायका आणि पोरं मरतायत, तेवढं कारण पुरेसं आहे. उद्या हवामानाचा आकडा आणखी घसरला तर चुलीचा निधी का बंद व्हावा?

@निळी ज्योत, उपग्रहाला दिसतं म्हणालात. दिसल्यावर पुढे काय होतं? उपग्रहावरून गळती हेरणाऱ्या यूएनईपीच्या मार्स यंत्रणेने सरकारांना आणि कंपन्यांना मोठ्या गळतीचे १,२०० इशारे पाठवले आणि २०२४ च्या अहवालात उत्तरं आली एक टक्का.

निळी ज्योत

चुलीबद्दल पूर्ण सहमत.

मार्सचं म्हणाल तर पुढच्या वर्षी उत्तरं १२ टक्क्यांवर गेली, तरीही अठ्ठ्याऐंशी टक्के गप्पच, आणि हाच तर माझा मुद्दा आहे ना! इशाऱ्याला उत्तर देणं ऐच्छिक आहे म्हणून ते गप्प बसतात. युरोपने २०२४ मध्ये मिथेनचा नियम केला, त्यात आयात केलेल्या तेल-वायू-कोळशालाही टप्प्याटप्प्याने मोजणीच्या अटी आहेत. गिऱ्हाईकच म्हणालं की गळती मोजून दाखव नाहीतर घेत नाही, तर विकणारा ऐकतो. मॉन्ट्रियलमध्येही करारात नसलेल्या देशांशी व्यापारबंदीचं कलम होतं आणि त्यानेच देश आत आले. मला तेवढंच हवंय. तेल, वायू, कोळसा, गळतीचा इशारा आला की ठरलेल्या मुदतीत उत्तर आणि दुरुस्ती, नाहीतर माल घेणार नाही. @रानवारा, गोठा यात नाही.

रानवारा

गोठा नाही हे करारात लेखी असेल तर माझा विरोध नाही. तोंडी नको. आणि गरीब तेल-उत्पादक देशांना मोजणीची यंत्रं कोण घेऊन देणार तेही लिहा, नाहीतर व्यापारबंदीचा फटका त्यांनाच आधी बसेल.

हिशेबनीस

माझी अट एकच राहते. मिथेनची वही वेगळी आणि सीओटूची वेगळी, एकातली कपात दुसऱ्यात वळती करायला सक्त मनाई, क्रेडिट नाही, ऑफसेट (दुसरीकडची कपात आपल्या खात्यावर दाखवणं) नाही. हे पहिल्याच कलमात असेल तर मी तुमच्या बाजूने. ते वाटाघाटीत सोडून देणार असाल तर करार नसलेलाच बरा असं अजूनही म्हणेन.