तोंडाचा कर्करोग आणि व्यसनमुक्ती: एकाच डॉक्टरांच्या शोधनिबंधांची पक्की यादी कशी लावायची?

ग्रंथालय_धुळे
प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या फाइलसाठी यादी हवी आहे. अर्धं काम तोंडाच्या कर्करोगावर, अर्धं तंबाखू-दारू सोडवण्याच्या उपचारांवर. आडनाव पाटील, आद्याक्षरं एस. आर.; खानदेशात दगड भिरकावला तरी पाटलालाच लागतो! निबंध शोधायच्या सूचींपैकी गूगल स्कॉलर ७४ दाखवतं, स्कोपस ३१, वैद्यकीय निबंधांची पबमेड १९. यातला कुठला आकडा धरायचा?

तापीकाठ
एकही नाही भो. आकडा शेवटी येतो, आधी तक्ता. रकाने एवढे: पीएमआयडी (पबमेडचा नोंद क्रमांक), डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), वर्ष, नियतकालिक, लेखकांतला क्रम, लेखाचा प्रकार, छापलेला पत्ता.

पबमेडमध्ये लेखकाच्या रकान्यात नुसतं ‘पाटील एस’ टाकलं की एसआर, एसके, एसव्ही सगळे येतात. दुहेरी अवतरणात टाकलं की तेवढंच अचूक नाव. पण जुन्या निबंधांत सरांचं नाव एकाच आद्याक्षराने छापलं असेल, म्हणून दोन्ही शोध करा. पूर्ण नावं २००२ पासूनच्या निबंधांनाच मिळतात, त्याआधी फक्त आद्याक्षरं.

पत्त्यावरून गाळताना सगळे फसतात ते इथे: १९८८ ते २०१३ पबमेड फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवत असे, सगळ्या लेखकांचे पत्ते २०१४ पासून. म्हणजे २०११ च्या निबंधात सर तिसरे असतील आणि पहिला लेखक मुंबईचा, तर ‘धुळे’ टाकून तो निबंध सापडणारच नाही. धुळ्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग ‘धुलिया’ही टाकून बघा. आणि जळगाव शोधलंत तर बुलढाण्याचं जळगाव जामोद वेगळं काढा.

मशेरी_नको
विषयाकडूनही शोधा. पबमेडच्या ठरावीक विषयसंज्ञांपैकी कर्करोगाला ‘माउथ निओप्लाझम्स’. व्यसनाला ‘सबस्टन्स-रिलेटेड डिसऑर्डर्स’, ‘टोबॅको, स्मोकलेस’ आणि ‘टोबॅको यूज सेसेशन’. फक्त यांच्यावर विसंबू नका. मेडलाइनमध्ये (पबमेडचा निवडक नियतकालिकांचा मुख्य भाग) नसलेल्या नियतकालिकांच्या नोंदींना या संज्ञा लागतच नाहीत, आणि आपल्याकडचे बरेच निबंध तिथलेच. त्यामुळे साधे शब्दही टाका. मशेरीचीच स्पेलिंगं तीन: मशेरी, मिश्री, मिसरी. गुटख्याला ‘एच’ कधी असतो, कधी नसतो.

वर्गवारीत एक गफलत नेहमी होते. कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन देण्यावरचा निबंध ‘ओपिऑइड’ शब्दामुळे व्यसनाच्या गठ्ठ्यात जातो. तो उपशामक उपचारांचा, म्हणजे कर्करोगाच्या बाजूचा. एनडीपीएस (अंमली पदार्थविषयक) कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन मिळण्यावर लिहिलेले निबंधही तिकडेच. उलट, तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाची तंबाखू सोडवण्याचा निबंध दोन्हीकडे बसतो. त्याला दोन खुणा करा, पण मोजा एकदाच.

संशोधन_कक्ष
७४ कसे झाले ते सांगतो. स्कॉलर प्रबंध, पूर्वप्रत (छपाईआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा), परिषदेचा सारांश, सगळं उचलतं, आणि प्रोफाइलला ‘आपोआप जोडा’ चालू असेल तर दुसऱ्या पाटलांचंही. एकाच अभ्यासाचा सारांश, पूर्वप्रत आणि छापील निबंध मिळून निबंध एकच. सारांश बहुधा पुरवणी अंकात असतो, पृष्ठक्रमांकाआधी ‘एस’ दिसला की संशय घ्या. शुद्धिपत्रालाही स्वतंत्र पीएमआयडी असतो, तोही निबंध नव्हे.

कर्करोगाच्या बहुकेंद्री चाचण्यांत रुग्ण देणाऱ्या केंद्रांतल्या डॉक्टरांची नावं ‘सहयोगी’ म्हणून खाली येतात. पबमेड त्यांना लेखकांपासून वेगळं ठेवतं, आपणही वेगळंच ठेवायचं. हे लेखक म्हणून दाखवलं आणि तपासणीत निघालं, तर खरे निबंधही संशयात येतात.

शेवटी प्रत्येक डीओआय उघडून बघा. मागे घेतलेला निबंध वरच्या पट्टीवर कळतो. नियतकालिकाचं संकेतस्थळ नकली असू शकतं, म्हणून आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) मूळ नोंदीशी ताडा.

ग्रंथालय_धुळे
आभार. एकेका रुग्णावरचे केस रिपोर्ट बरेच आहेत. ते धरायचे का?

संशोधन_कक्ष
प्रकाशनांच्या यादीत ठेवा, पदोन्नतीच्या मोजणीत नाही. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज हेच धरले होते; २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. २०२२ च्या नियमांनुसार लेखक पहिल्या तिघांत किंवा पत्रव्यवहाराचा हवा होता, आणि नियतकालिक मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, डीओएजे (खुल्या नियतकालिकांची सूची) अशा ठरवून दिलेल्या सूचींत. चालू अधिसूचना मात्र स्वतः वाचून घ्या. कोणी यूजीसी-केअरची (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची) यादी पुढे केली, तर ती २०२५ मध्ये बंद झाली आहे.

तापीकाठ
सरांचा ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नसेल तर आजच काढायला सांगा, फुकट आहे, १६ अंकी. जुने निबंध क्रॉसरेफ (डीओआयची नोंदवही) किंवा स्कोपसवरून जोडता येतात, पण ‘सगळे निवडा’ दाबू देऊ नका, नाहीतर दुसऱ्या पाटलांचे निबंध पुन्हा आत येतील. आणि पबमेडमध्ये ऑर्किडने शोधून जुने निबंध दिसले नाहीत तर घाबरू नका. प्रकाशकाने क्रमांक पाठवला असेल तरच तो तिथे दिसतो.