डस्ट माइटची रक्ततपासणी: अहवालावर विश्वास ठेवावा की मुलाच्या ताटावर?

माडाखालची (गुहागर तालुका)

नमस्कार. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. गेली दोन वर्षे सकाळी अंथरुणातून उठताच त्याला एकामागून एक दहा-बारा शिंका येतात, नाक गळू लागते आणि डोळे चोळून चोळून लाल होतात. शाळेत गेल्यावर मात्र सगळे शमते. यंदा गणपतीला मुंबईची मंडळी येणार म्हणून माळ्यावरच्या गाद्या आणि ट्रंकेतल्या गोधड्या खाली काढल्या, आणि त्या रात्री त्याला पहिल्यांदाच धाप लागली. डॉक्टरांनी केवळ डस्ट माइटची (गादीच्या धुळीतील सूक्ष्म जिवांच्या ॲलर्जीची) रक्ततपासणी लिहून दिली होती, परंतु रक्त घेणाऱ्या केंद्रातील माणसाने "एवढे रक्त काढतोच आहोत, तर सगळेच पाहून घ्या" असे म्हणून सत्तरहून अधिक पदार्थांची तपासणी आमच्या गळ्यात मारली.

अहवालात एकूण आयजीई (ॲलर्जीशी संबंधित रक्तातील प्रतिपिंड) ८४०, डस्ट माइट श्रेणी ४, कोळंबी श्रेणी २, झुरळ श्रेणी २ आणि गहू श्रेणी १ असे आले आहे. सोबत टाळावयाच्या पदार्थांची छापील यादी आहे, जिच्यात कोळंबी, कुर्ल्या आणि चपातीसुद्धा आहे. मुलगा हे सारे लहानपणापासून खातो आणि त्याला कधीही काही झालेले नाही. सासूबाईंनी यादी वाचून जवळ्याचा, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीचा, डबा शेजारी देऊन टाकला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना तंत्रज्ञ (रत्नागिरी)

ताई, माझी अनेक वर्षे प्रयोगशाळेत गेली, म्हणून तपासणीच्या बाजूचे सांगतो. औषधोपचाराचे डॉक्टरांनीच सांगावे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो, कारण अहवाल घेताना निम्मी माणसे "म्हणजे रक्तात किडे सापडले का?" असे विचारत असत. डस्ट माइट रक्तात नसतात. ते गादी, उशी आणि गोधडीत राहणारे, जेमतेम पाव मिलिमीटरचे, आठ पायांचे जीव असून आपल्या त्वचेच्या गळून पडणाऱ्या कोंड्यावर जगतात. ते चावत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांचा. घरातील धुळीच्या ॲलर्जीमागे हे जीव आहेत, ही गोष्ट नेदरलँड्समधील संशोधकांनी १९६४च्या सुमारास दाखवून दिली. रक्तात मोजले जाते ते त्या प्रथिनांविरुद्ध शरीराने तयार केलेले आयजीई नावाचे प्रतिपिंड. अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांनी १९६६-६७मध्ये ते स्वतंत्रपणे ओळखले, आणि अशी रक्ततपासणी स्वीडनमधूनच १९६७मध्ये पुढे आली.

पद्धत समजायला सोपी आहे. माइटची प्रथिने एका पृष्ठभागावर घट्ट बसवलेली असतात, त्यांवर रुग्णाच्या रक्तातील द्रव सोडतात. त्यात माइटविरोधी आयजीई असेल तर ते तेथे चिकटते, बाकीचे धुऊन जाते, आणि चिकटलेले किती ते खुणेच्या रसायनाने मोजतात. पूर्वी ही खूण किरणोत्सारी असे. एकाच पट्टीवर सत्तर पदार्थांच्या रेघा उमटवणारी तपासणी अंदाजे स्वरूपाची असते, तर एकेका पदार्थाची स्वतंत्र तपासणी नेमका आकडा देते. रूढ श्रेणींनुसार ०.३५ युनिटच्या खाली शून्य, ०.७ ते ३.५ म्हणजे श्रेणी २ आणि १७.५ ते ५० म्हणजे श्रेणी ४. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे मात्र शेजारी ठेवून तुलना करू नये.

एकूण आयजीई ८४० पाहून घाबरू नका. पोटात जंत असले तरी तो आकडा चढतो, आणि तो साधारण असूनही माइटची ॲलर्जी असू शकते.

देवगडकर

माझे मत थोडे कडक आहे, त्याबद्दल क्षमस्व. सकाळी अंथरुणात शिंका, शाळेत आराम, जुन्या गोधड्या काढल्या की धाप. एवढे ऐकल्यावर रक्त काढण्याची गरजच काय होती? आमच्याकडे आषाढ-श्रावणात भिंतींना पाणी सुटते आणि चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते, त्या हवेत माइट नसलेली गादी सापडणे कठीण. हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतील दमट वाफच शोषून घेतात. कोकणचा पावसाळा म्हणजे त्यांचे माहेर.

बालरोग (सिंधुदुर्ग)

देवगडकर, आपण मांडलेली हकिगत हाच निदानाचा पाया आहे, हे मान्य. परंतु जुन्या गोधडीतून बुरशीही उडते, आणि वर्षानुवर्षांच्या उपचाराचा विचार असेल तर दोषी कोण हे निश्चित असावे लागते. त्वचेवर थेंब ठेवून टोचण्याची चाचणी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते, पण तिच्या आधी सुमारे आठवडाभर सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची औषधे बंद ठेवावी लागतात. ज्याला ती बंद करता येत नाहीत किंवा ज्याच्या अंगावर इसब पसरलेला आहे, त्याच्यासाठी रक्ततपासणी सोयीची. तिला औषधांचा अडथळा नाही आणि उपाशी पोटाचीही अट नाही.

ताई, आता कोळंबीविषयी. माइट, झुरळ, कोळंबी आणि कुर्ली यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे एक प्रथिन असते आणि ते सर्वांत बरेच मिळतेजुळते असते. त्यामुळे माइटविरुद्ध तयार झालेले आयजीई कधीकधी पट्टीवरील कोळंबीच्या रेघेलाही चिकटते. आपल्या अहवालात हेच घडले असण्याची दाट शक्यता मला वाटते, कारण कोळंबी आणि झुरळ दोन्ही एकाच श्रेणीत आलेले आहेत. हे प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही, म्हणजे आपला मुलगा ते प्रत्यक्ष खात आला आहे आणि पचवत आला आहे. जो पदार्थ खाऊन काहीही होत नाही, तो केवळ अहवालातील रेघेमुळे ताटातून काढू नये, गव्हाचेही तेच. मात्र कोळंबी खाल्ल्यावर तोंडात खाज, अंगावर गांधी किंवा ओठांना सूज असे काही दिसले, तर ती थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

श्रेणी ४ म्हणजे आजार 'चौपट' असेही नव्हे. आकडा जितका मोठा तितकी खऱ्या ॲलर्जीची शक्यता अधिक, पण त्रासाची तीव्रता त्यावरून ठरत नाही. मला काळजी वाटते ती अहवालाची नव्हे, त्या रात्रीच्या धापेची. छाती तपासून दमा आहे का, हे या आठवड्यातच पाहून घ्या.

माडाखालची

सर्वांची मनापासून आभारी आहे. दम्याच्या तपासणीसाठी उद्याच जात आहोत. दोन शंका उरल्या. गाद्या उन्हात टाकून भागेल का? आणि सहा महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करावी का?

बालरोग (सिंधुदुर्ग)

कडक उन्हात गादी वाळली की माइट मरतात, पण त्यांची विष्ठा तेथेच राहते, म्हणून गादी झटकण्याचे काम मुलगा घरात नसताना करा. चादरी, अभ्रे आणि धुण्याजोग्या गोधड्या दर आठवड्याला ६० अंशांच्या आसपास तापवलेल्या पाण्यात धुवाव्यात. कोमट पाण्यात विष्ठा निघून जाते, जीव मात्र बरेचसे वाचतात. गादीला आणि उशीला चेन असलेली घट्ट विणीची खोळ घाला. पुन्हा रक्त तपासून सुधारणा कळत नाही, ती मुलाच्या सकाळच्या शिंकांवरून कळते. पुढे शरीराला माइटची हळूहळू सवय लावणारे ॲलर्जीचे थेंब किंवा इंजेक्शने सुरू झाली, तर पहिल्या काही महिन्यांत माइटचे आयजीई उलट वाढलेले दिसू शकते, तेव्हा घाबरून तीन वर्षांचा उपचार मध्येच सोडू नये.

जुना तंत्रज्ञ (रत्नागिरी)

६० अंशांसाठी यंत्रच हवे असे नाही, चुलीवरचा हंडा पुरतो. फक्त गोधडी पोरांच्या हाताला न लागेल अशी, पडवीबाहेर भिजवा. आणि जवळ्याचा डबा शेजारून परत मागायला हरकत नाही.

माडाखालची

डबा शेजाऱ्यांनी संपवला. नवा जवळा आणण्यासाठी सासूबाईंची समजूत घालणे सुरू आहे.