प्रतिसाद: बोरमाळेतली घट

बोरमाळ मोडताना घट आली म्हणजे सोनाराने फसवलंच, हे वरचं मत अर्धंच पटतं. पोकळ मण्यात लाख भरलेली असते. सोनं वितळवताना ती जळून जाते, वजन तिथेच घटतं. लाख सोन्याच्या भावाने लावली असेल तर मात्र ती फसवणूकच.

कस (सोन्याची शुद्धता) घटण्याचं कारण वेगळं, ते म्हणजे डाख, सांधा जोडायला वितळवून घालतात तो मिश्रधातू. मणी दोन अर्धगोल वाट्या जोडून होतो. डाख मण्याच्या सोन्याआधी वितळायला हवा, म्हणून पूर्वी त्यात तांबं-चांदी जास्त घालत. 9.5 ग्रॅम 91.6 टक्क्यांच्या सोन्याला 75 टक्क्यांचा अर्धा ग्रॅम डाख लागला, तर एकत्र कस 90.8 वर येतो. कॅडमियमच्या डाखाने ('केडीएम') कस टिकायचा, पण कॅडमियम 767 अंश सेल्सिअसलाच उकळतं आणि तो धूर कारागिराच्या फुप्फुसात जातो. आता त्याजागी जस्त वापरतात.

मणी जोडताना डाख वाया जातो तो बहुधा ज्योत थेट त्याच्यावर धरल्याने. टाकणखार (सांधा स्वच्छ ठेवणारा क्षार) लावून आधी दोन्ही वाट्या सारख्या तापवायच्या. डाख जास्त तापलेल्या बाजूकडे पळतो. सांध्यात फट असेल तर तो भरतच नाही. आणि मण्याला भोक ठेवायला विसरलात तर आतली हवा फुगून मणी फुटतो.