जुन्या बुलेटला बाहेरचा सायलेन्सर: बसवावा की नको?

शिवाजी पेठ ३५०
घरात वडिलांची १९९२ ची बुलेट ३५० आहे. कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायात गिअर. सायलेन्सर खालून सडलाय, बोट दाबलं तरी पत्रा आत जातो. तो बदलताना मी शॉर्ट बॉटल, म्हणजे कंपनीचा नसलेला, आखूड आणि मोठ्या ठोक्याचा सायलेन्सर लावणार आहे. असं म्हटलं की लोक लगेच हुल्लडबाज समजतात, म्हणून हा विषय काढला.

माझं मत असं: एवढ्या जुन्या गाडीला बाहेरचा सायलेन्सर लावण्यात गैर काही नाही. गैर आहे ते आतली आवाज दाबणारी जाळी काढून पोकळ नळकांडं लावणं आणि वर कार्बोरेटरला हातच न लावणं. आपल्या कोल्हापुरात पंजाब, इंदोरी असले बाहेरचे सायलेन्सर, काय मिळेल ते लावतात आणि तसेच सुटतात. सायलेन्सर मोकळा झाला की इंजिन हवा जास्त ओढतं, जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, तेच राहिलं तर पेट्रोल मात्र तेवढंच. मग प्लग पांढरा पडतो, इंजिनापासून सायलेन्सरला जाणारा बेंडपाईप निळा होतो, थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात. पन्हाळ्याच्या चढाला असं इंजिन तापून ओढ सोडतं. मेन जेट एक नंबर मोठा टाकायचा, सुई एक खाच वर घ्यायची आणि चार-पाच किलोमीटर दामटून प्लग काढून बघायचा. चॉकलेटी दिसला की झालं. एवढं करणाऱ्याला आणि कॉलेजच्या गेटसमोर फटाके काढणाऱ्याला एकाच मापानं मोजू नका.

सीपीआरच्या मागची गल्ली
दादा, तुमचा प्लग चॉकलेटी असो की पांढरा, माझ्या घरात आवाज तेवढाच येतो. बुलेटचा ठोका खालच्या पट्टीतला असतो. खिडक्या लावल्या तरी तो भिंतीतून येतो. माझ्या सासूबाई आजारी आहेत. रात्री एक गाडी गेली की त्या दचकून उठतात आणि पुढं तासभर झोप नाही. पलीकडं तर अख्खं सीपीआर रुग्णालय आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रुग्णालयाभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र धरतात आणि तिथं रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. तुम्ही जबाबदारीनं चालवाल, मान्य. पण तुमची गाडी बघून शेजारचं पोरगं तसलाच सायलेन्सर घेईल, ते जेटही बदलणार नाही आणि जाळीही ठेवणार नाही.

वकील, कसबा बावडा
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२), म्हणजे आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. पीयूसी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्यात आवाज मोजतच नाहीत. आणि पंधरा वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत न्यावी लागते. तिथं सायलेन्सर नजरेत भरतो.

शिवाजी पेठ ३५०
वकीलसाहेब, हे धरूनच बोलतोय. १७५ सीसीवरच्या नव्या मोटारसायकलींना ८० डेसिबलची मर्यादा आहे, गाडी साडेसात मीटरवरून जाताना मोजलेली. माझी गाडी जुनी असली तरी मी तोच आकडा पाळायला तयार आहे. ताई, रात्री तुमच्या बाजूला मी येणारच नाही.

आरएक्स वेडा
मी याच्या बाजूनं. बुलेटचं सोडा, यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ ला थांबलं. तिचा चांगला मूळ पाईप आता आणायचा कुठून? तिच्या हेडला बुलेटसारखे वॉल्व्ह नसतात. एक्झॉस्टचं तोंड उघडं असताना ताजं मिश्रण धुराबरोबर बाहेर निसटतं. पाईपचा फुगवटा आणि निमुळता भाग दाबाची लाट उलटी पाठवून ते परत सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणून तिथं पाईप म्हणजे निम्मं इंजिन. मापात बनवलेला बाहेरचा पाईप सडक्या मूळ पाईपपेक्षा कधीही चांगला. पण पाईपच्या आतली आवाज दाबणारी पुंगळी नुसती काढून आवाज काढणारे बघितले की मलाही राग येतो. गाडीची खालची ओढ जाते आणि हे म्हणतात पिकअप वाढला.

उद्यमनगर लेथ
आरएक्सचं पटलं, बुलेटचं न्हाई. भावा, तुझं इंजिन ३४६ सीसी, बोर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७० मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९० मिमी, ताकद १८ हॉर्सपॉवर. सावकाश फिरणारं, लांब स्ट्रोकचं मशीन हाय ते. हेड तेच, वॉल्व्ह तेच, कार्बोरेटर तोच. नुसता सायलेन्सर बदलून कळण्याजोगं काय वाढणार?

आता सडला का ते बघ. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधनं जातं. गाडी पेठेतनं महाद्वारपर्यंत न्यायची आणि बंद करायची, मग सायलेन्सर तापतच न्हाई. वाफेचं पाणी खाली साचतं आणि पत्रा आतनं खातं. तुझा नवा शॉर्ट बॉटल पण असाच सडंल. आधी जुना काढून हातोडीनं हळू ठोकत जा. जिथं खणखणीत वाजतो तिथं पत्रा शाबूत, जिथं बद्द वाजतो तेवढा कापायचा. नवा पत्रा वळवून गॅस वेल्डिंग मारू, सगळ्यात खालच्या जागी बारीक भोक ठेवू, पाणी निथळून जातं. आणि बेंडपाईप हेडला बसतो तिथं सैल असंल तर ते पण बघ. तिथनं हवा ओढली तरी फटाके वाजतात, मग जेट बदलून उपयोग न्हाई.

शिवाजी पेठ ३५०
बेंडपाईपचं लक्षात ठेवतो. पण सायलेन्सर जोडून घ्यायच्या पलीकडं गेलाय, दोन्ही बाजूंनी बद्द वाजतो.

उद्यमनगर लेथ
मग टाकून दे. पण मूळ नमुन्याचा नवा मिळतोय की बाजारात. शॉर्ट बॉटलच कशाला पायजे?

शिवाजी पेठ ३५०
मला तो ठोका आवडतो. लहानपणी गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की वडील आले हे घरात कळायचं. नवा मूळ नमुन्याचा सायलेन्सर लावला की गाडी मुकी वाटते.

सीपीआरच्या मागची गल्ली
म्हणजे प्रश्न गंजाचाही नव्हता आणि इंजिनाचाही नव्हता, आवडीचा होता. आवड असू दे, चांगली आहे. पण तुमच्या आवडीसाठी दुसऱ्याची झोप किती मोडायची, हे एकट्या तुम्ही ठरवायचं नाही. माझा विरोध एवढ्यालाच आहे.

शिवाजी पेठ ३५०
हे मान्य. मग ताई, असं करू. जाळी वेल्ड करून पक्की बसवतो आणि जेट लावून झाले की एकदा तुमच्या गल्लीतून गाडी नेतो. तुम्ही घरात बसून ऐका. नको म्हणालात तर मूळ नमुन्याचा लावतो. दुपारी आणू का?

सीपीआरच्या मागची गल्ली
दुपारी रिक्षा आणि केएमटी बसच्या आवाजात काय कळणार? रात्री दहानंतर आणा, एकदाच. सासूबाईंना आधी सांगून ठेवते. आणि न्यूट्रलवर ढकलत नको, गिअर टाकत या.