तुमच्या गॅलरीत कोण कोण येतं?

मोगरा
गेल्या रविवारी नणंदेच्या शेतावरून ज्वारीची दहा-बारा कणसं आली. पिशवीचं तोंड सोडलं आणि बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घराची पडवीच डोळ्यांसमोर आली. सुगीची पहिली पेंडी घरात आली की आजी त्यातली पाच कणसं सुतळीनं बांधून आढ्याला टांगायची. आम्ही पोरं हात लावायला गेलो की म्हणायची, "ते आपलं न्हवं."

आता जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. तशीच पाच कणसं गॅलरीच्या ग्रिलला बांधली. चार दिवस कुणी फिरकलं नाही. आज सकाळी साडेसहाला एक चिमणा आला, गळ्याखाली काळा डाग असलेला. आधी ग्रिलवर बसून अंदाज घेतला, मग कणसाला उलटा लोंबकळला. एक दाणा उपटला, चोचीत इकडून तिकडे घोळवला, टरफल खाली पडलं, दाणा पोटात. त्या दाण्याचा बारीकसा कट् असा आवाज मला पडद्याआडून ऐकू आला. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली. चहा तसाच निवला.

तुमच्याकडे कोण येतं? लिहा ना.

तुळसकट्टा
अगं, काटा आला अंगावर. कूकर लावलाय, सविस्तर नंतर लिहिते.

पत्राशेड
आमच्याकडं बी येलालेत की चिमण्या! दिवसभर मागाचा खडखडाट, तरी पत्र्याखालच्या फटीत दरवर्षी घरटं. घरट्यात गवत कमी अन् चादरीचं सूतच जास्त, लाल, हिरवं. दिसायला लई छान. पण मागच्या वर्षी एका पिल्लाच्या पायाला सूत आवळलं होतं, पाय काळानिळा पडलेला. बायकोनं पिल्लू पदरात धरलं, मी नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा काढला. परत घरट्यात ठेवलं, आईनं घेतलं त्याला. तेव्हापासून तुटकं सूत उघड्यावर टाकत नाही आम्ही. ज्यांच्या घरी माग आहेत त्यांनी एवढं बघाच.

मोगरा
दादा, वहिनींना नमस्कार सांगा माझा.

मालदांडी
ताई, मी मंगळवेढ्याचा. लहानपणी माझं कामच पाखरं हाकायचं. ज्वारी हुरड्यात आली की पहाटे माळ्यावर चढायचं, गोफण घ्यायची. चिमण्यांचं एवढं नाही, पण भोरड्या! हिवाळ्यात परदेशातून येतात, गुलाबी अंग, काळं डोकं. हजार-हजारचा थवा ढगासारखा वळतो आणि एकदम पिकावर बसतो. आवाज करून करून घसा बसायचा. पण वडील सांगायचे, हीच पाखरं टोळ नि नाकतोडे पण फस्त करतात. आता पुण्यात नोकरी. खिडकीत मी पण कणीस लावलंय. ज्यांना हाकललं त्यांचीच वाट बघतो.

तुळसकट्टा
आले परत. आमच्याकडे होले. मानेवर काळे ठिपके, चाल एकदम निवांत. टांगलेलं खात नाहीत, खाली सांडलेलं वेचतात. एक गंमत बघा, चिमणी पाणी पिताना एकेक घोट घेते आणि मान वर करते. होला तसं करत नाही, चोच बुडवून एका दमात ओढून घेतो, म्हशीसारखा. सासूबाईंनी दाखवलं मला. गुडघ्यांमुळे त्यांना खाली उतरता येत नाही, दिवसभर त्या पाखरांच्या पाण्याच्या पसरट परळापाशीच बसलेल्या असतात.

कडकभाकरी
आमचा कावळा कडक भाकरीचा तुकडा आणतो कुठून तरी, आमच्या पाण्यात भिजत घालतो, मऊ झाला की नेतो. नवरा म्हणतो शेंगाचटणी तेवढी राहिली 😄 (देऊ नका कुणी, तिखटमीठ पाखरांना वाईट.) पाणी मात्र दोनदा बदलावं लागतं.

सातरस्ता
पाण्यावरून आठवलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. एप्रिलात पारा बेचाळीसच्या पुढं गेला की घरात भांडी मोजून घासतो. तरी आई सकाळी पहिला तांब्या गच्चीवर नेते. मागच्या वर्षी दुपारी एक साळुंकी चोच उघडी टाकून टाकीच्या सावलीत बसली होती, माणूस जवळ गेला तरी उडेना. आईनं परळ तिच्यापुढं सरकवलं. दहा मिनिटांनी उडाली. आई संध्याकाळपर्यंत तेच सांगत होती सगळ्यांना.

बाभूळबन
विषय थोडा वेगळा, पण राहवत नाही. शाळेत असताना वडिलांनी सायकलवरून नान्नजला नेलं होतं. १९७९ मध्ये झालेलं अभयारण्य ते. माळावर दूर एक माळढोक, कंबरेएवढा उंच, पांढरी मान. वडिलांनी माझा हात घट्ट धरला, एक शब्द बोलले नाहीत. परवा मुलीला घेऊन गेलो. चंडोल दिसले, काळवीट दिसले. तो नाही दिसला. मुलगी विचारत होती, बाबा अजून थोडं थांबायचं का?

मालदांडी
थांबला होता का?

बाभूळबन
अंधार पडेपर्यंत.

शाईदौत
बुलबुल येतो पण ज्वारीला तोंड लावत नाही. काय द्यावं?

तुळसकट्टा
पिकलेली पपई, पेरू. तो दाण्याचा नाही गं, फळं नि किडे खातो. आणि झाडांवर औषध मारू नकोस. चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्याच भरवते, दाणे नाही.

शाईदौत
थँक्यू ताई. पपई आहे घरात. आणि परळ कुठं मिळेल? प्लॅस्टिकचं फार तापतं.

मोगरा
मातीचंच घे, पसरट, चार बोटं खोल. मध्ये एक खडबडीत दगड ठेव, लहान पाखरांना पाय टेकायला. मी उद्या कुंभार वेशीकडे जातेय, तुझ्यासाठी आणू का?

शाईदौत
दोन आणाल? आमच्या वॉचमनकाकांना पण हवंय. कालपासून डब्याच्या झाकणात पाणी ठेवतायत ते.